देवाचे ऐकावे की माणसांचे?



काही महिन्यांपूर्वी एका रविवारी संध्याकाळची पवित्र मिस्सा संपल्यावर आपल्याच धर्मग्रामातील एक जोडपे आमच्या कार्यालयात आले. त्यांची परवानगी घेऊनच आम्ही हे लिहीत आहोत आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तेव्हा ते कोण, याचा शोध कोणी घेत बसू नये.

नवरा एका कंपनीच्या गोदामात कामाला. आलेला माल मोजायचा, नोंद करायची आणि पावतीवर सही करायची हे त्याचे काम. त्या आठवड्यात वरिष्ठांनी त्याच्यापुढे काही पावत्या ठेवल्या. माल आलेलाच नव्हता. ‘‘वरून सांगणे आहे, सही करून टाक, तुला कोण विचारणार आहे?’’ असे ते म्हणाले. त्याने दोन दिवस वेळ मागून घेतला होता आणि त्यातला एक दिवस संपला होता. तो सांगत होता, बायको खाली मान घालून ऐकत होती. मग ती म्हणाली, ‘‘फादर, देवाचे ऐका हे वेदीवरून सांगायला सोपे आहे. घराचा हप्ता पाच तारखेला जातो. तो कोण भरणार?’’

आम्ही काय उत्तर दिले ते प्रामाणिकपणे सांगतो. आम्ही म्हणालो, ‘‘घाई करू नका. प्रार्थना करा. नोकरी सांभाळून काय करता येईल ते पाहा. तुमचे मन देवाला ठाऊक आहे.’’ आमच्या मनात त्यांच्याविषयी काळजीच होती. पण ते गेल्यावर आमचे आम्हालाच चैन पडेना. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या आणि पुनरुत्थानकाळात पेत्राच्या धैर्यावर दर वर्षी प्रवचन करणाऱ्या धर्मगुरूने एका घाबरलेल्या माणसाला शेवटी काय सांगितले होते? ‘जमवून घे’, एवढेच.

त्या अस्वस्थतेतून हा लेख लिहिला आहे.

पेत्र कोणापुढे उभा होता?

प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकातील पाचवा अध्याय आपण सर्वांनी ऐकलेला आहे. येशूच्या नावाने शिकवू नका, अशी सक्त ताकीद प्रेषितांना मिळालेली असते. तरी ते मंदिरात जाऊन शिकवतात. त्यांना पकडून न्यायसभेपुढे उभे केले जाते. तेव्हा पेत्र आणि इतर प्रेषित सांगतात की, माणसांच्या आज्ञेपेक्षा देवाची आज्ञा पाळणे आम्हाला भाग आहे.

हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की, त्यातली एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. पेत्र हे कोणाला सांगत होता? रोमच्या बादशहाला नव्हे. पुढे बसले होते ते मुख्य याजक, वडीलजन आणि शास्त्री. म्हणजे धर्माचे अधिकारी, देवाच्याच नावाने न्याय देणारी मंडळी. लहानपणापासून ज्यांच्यापुढे मान तुकवायची असे त्या कोळ्याला शिकवले गेले होते, त्यांच्यापुढेच तो उभा होता. म्हणून ‘माणसांची सत्ता’ म्हटले की आपण लगेच सरकार आणि पुढारी यांच्याकडे बोट दाखवू नये. ती सत्ता कधी ऑफिसात असते, कधी घरात असते, कधी नातेवाइकांच्या बैठकीत असते आणि कधी आमच्यासारख्या पांढरा झगा घातलेल्यांच्या खुर्चीतही असते.

दुसरी गोष्ट अशी की, त्याच नव्या करारात संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात सांगतो की, प्रत्येकाने सत्ताधाऱ्यांच्या अधीन असावे, कारण अधिकार देवापासून आहे. मग खरे कोण? पेत्र की पौल? दोघेही खरे आहेत. अधिकार देवापासून आहे, म्हणूनच अधिकाऱ्याचे ऐकायचे. आणि अधिकार देवापासून आहे, म्हणूनच देवाच्या विरुद्ध जाण्याची आज्ञा देण्याचा अधिकार कोणालाच पोचत नाही. मुनीम मालकाच्या नावाने व्यवहार करतो तोवर त्याचा शब्द मालकाचा. तो मालकाचीच तिजोरी फोडायला सांगू लागला, तर तो शब्द मालकाचा राहत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात यात एक महत्त्वाचा भेद केला. काही आज्ञा आपल्यावर अन्याय करणाऱ्या असतात. जास्तीचा बोजा टाकतात, हक्काचे काढून घेतात. अशी आज्ञा मनाला बांधून टाकत नाही, पण मोठा गोंधळ टाळण्यासाठी माणूस ती सोसू शकतो. दुसऱ्या प्रकारची आज्ञा देवाच्या नियमाविरुद्ध जायला सांगते. ती मात्र कोणत्याही परिस्थितीत पाळायची नाही. आपल्या साध्या भाषेत सांगायचे तर, आपल्यावर होणारा अन्याय सोसता येतो, आपल्या हातून अन्याय करता येत नाही. साहेबांनी पगारवाढ रोखली तर ती सोसता येईल. खोट्या पावतीवर सही करायला सांगितले तर हात आपला असतो.

एका शेतकऱ्याची गोष्ट

इथे आम्हाला धन्यवादित फ्रान्झ येगरश्टेटर यांची आठवण होते. काही जणांनी त्यांचे नाव ऐकले असेल. ते धर्मगुरू नव्हते, पंडित नव्हते. ऑस्ट्रियातील सेंट राडेगुंड या लहानशा गावातले ते एक शेतकरी. जन्म २० मे १९०७ चा. आई अविवाहित होती. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. पुढे आईच्या नवऱ्याने त्यांना दत्तक घेऊन आपले नाव दिले. तरुणपणी फ्रान्झ काही संत वगैरे नव्हते. गावात पहिली मोटारसायकल त्यांनी आणली, मारामारीत सापडले आणि लग्नाआधी त्यांना एक मुलगीही झाली. १९३६ साली फ्रान्सिस्का नावाच्या श्रद्धाळू तरुणीशी त्यांचे लग्न झाले. दोघे मिळून प्रार्थना करू लागले, बायबल वाचू लागले. पुढे ते गावच्या चर्चमध्ये वेदीची तयारी करण्याचे, मिस्साला मदत करण्याचे काम करू लागले. त्यांना तीन मुली झाल्या.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया जर्मनीला जोडून घेतला. १० एप्रिल १९३८ रोजी त्यावर लोकांचे मत घेण्यात आले. ‘होय’ म्हणा, असे आवाहन ऑस्ट्रियाच्या महागुरूंनीही केले होते. सेंट राडेगुंडमध्ये ‘नाही’ म्हणणारे एकटे फ्रान्झ होते. गावचा निकाल मात्र शंभर टक्के ‘होय’ असाच कळवण्यात आला. म्हणजे त्यांचे ‘नाही’ कागदावरसुद्धा उरले नाही.

१९४० साली त्यांना सैन्याचे बोलावणे आले. ते गेले, शपथ घेतली, प्रशिक्षणही घेतले. एप्रिल १९४१ मध्ये ते शेतीच्या कामासाठी घरी परतले. या काळात त्यांनी पाहिले आणि ऐकले की, मनोरुग्णांना आणि अपंगांना ठार मारले जात आहे, चर्चवर बंधने येत आहेत, एकामागून एक देश लुटले जात आहेत. त्यांच्या मनाने घेतले की, या युद्धात लढणे म्हणजे या पापात भागीदार होणे. पुन्हा बोलावणे आले तर आपण लढणार नाही, असे ते म्हणू लागले.

मग त्यांनी काय केले? ते एकटेच निर्णय घेऊन मोकळे झाले नाहीत. ते विचारायला गेले. गावच्या धर्मगुरूंना विचारले, ओळखीच्या इतर धर्मगुरूंना विचारले, आणि शेवटी लिंझ येथे जाऊन आपल्या महागुरूंना भेटले. महागुरूंनी सांगितले की, तुमची पहिली जबाबदारी बायकोमुलांची आहे. युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरवण्याची जबाबदारी तुमच्यासारख्या साध्या नागरिकावर येत नाही. हे सांगण्यात वाईट हेतू नव्हता. समोरच्या बापमाणसाचा जीव वाचावा, हीच इच्छा असणार.

बंधुभगिनींनो, आमचे उत्तर आठवा. ‘नोकरी सांभाळून काय करता येईल ते पाहा.’ आम्ही त्या महागुरूंना नावे ठेवू शकत नाही. त्यांच्या खुर्चीवर आम्हीही बसून आलो आहोत, आणि आमच्यापुढे तर कोणाचा प्राणही पणाला लागलेला नव्हता.

फेब्रुवारी १९४३ मध्ये बोलावणे आले. १ मार्चला फ्रान्झ एन्स येथील छावणीत हजर झाले आणि लढण्यास नकार दिला. त्यांना आधी लिंझच्या आणि मग बर्लिनच्या तुरुंगात ठेवण्यात आले. जखमींची सेवा करायला आपण तयार आहोत, असे त्यांनी सांगितले. ते कोणी मानले नाही. ६ जुलै १९४३ रोजी लष्करी न्यायालयाने मृत्युदंड सुनावला. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्ग येथे त्यांचा शिरच्छेद झाला. त्या शेवटच्या रात्री त्यांना भेटलेल्या तुरुंगाच्या धर्मगुरूंनी पुढे सांगितले की, टेबलावर एक कागद होता. त्यावर सही केली असती तर जीव वाचू शकला असता. फ्रान्झ यांनी तो बाजूला सारला.

एक सही. आमच्या कार्यालयात आलेल्या त्या तरुणाकडेही एक सहीच मागितली होती. दोन प्रसंगांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे आम्ही जाणतो. पण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. माझा हात कोणाच्या मालकीचा?

देवाच्या नावाखाली हट्ट

इथे कोणी म्हणेल, ‘‘फादर, असे प्रत्येक जण म्हणू लागला तर? मला देव असे सांगतो म्हणून कोणी बापाचे ऐकणार नाही, कोणी कर भरणार नाही, कोणी धर्मग्रामाचा नियम पाळणार नाही.’’ शंका रास्त आहे. देवाच्या नावाखाली स्वतःचा हट्ट चालवणारी माणसे आपण पाहिलेली आहेत. धर्माच्या नावाने दुसऱ्याचे रक्त सांडणारेही स्वतःला देवाचे आज्ञाधारकच म्हणवतात. मग ओळखायचे कसे?

फ्रान्झ यांच्या आयुष्याकडे पाहिले की आम्हाला तीन खुणा दिसतात.

पहिली खूण अशी की, त्यांनी आधी विचारले आणि ऐकून घेतले. सदसद्विवेकबुद्धी म्हणजे मनाला येईल ते नव्हे. ‘माझे मन म्हणते’ एवढ्याने भागत नाही. मनाला शिकवावे लागते. त्यासाठी पवित्र शास्त्र वाचावे लागते, ख्रिस्तसभेची शिकवण समजून घ्यावी लागते, आपल्याविरुद्ध बोलणाऱ्याचेही ऐकावे लागते. संत थॉमस सांगतात की, विवेक चुकलेला असला तरी माणसाने त्याविरुद्ध वागणे पापच आहे. पण तेच पुढे सांगतात की, जे जाणून घेणे आपले कर्तव्य होते ते आळसाने जाणून घेतले नाही, तर ‘मला माहीत नव्हते’ ही सबब चालत नाही. फ्रान्झ यांनी वर्षानुवर्षे विचार केला, वहीत लिहून काढले, मोठ्यांना विचारले. सगळ्यांचे ऐकल्यावरही जेव्हा आतला आवाज बदलला नाही, तेव्हाच ते पुढे गेले.

दुसरी खूण अशी की, त्यांनी नकार दिला तो एकाच गोष्टीला, तोही उघडपणे. ते रानात लपले नाहीत, खोटे आजारपण काढले नाही. स्वतः हजर होऊन सांगितले. जे करता येण्याजोगे होते ते करायची तयारी दाखवली. ग्रीसमध्ये सॉक्रेटिसनेही असेच केले होते. इ.स.पूर्व ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायालयात त्याने सांगितले की, आपण नगरवासीयांपेक्षा देवाचेच ऐकू. पण शिक्षा झाल्यावर मित्रांनी पळून जाण्याची सोय करूनही तो पळाला नाही. जो खरोखर देवासाठी एका आज्ञेला नकार देतो, तो बाकीच्या बाबतीत इतरांपेक्षा अधिक प्रामाणिक सेवक असतो. आपल्या ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही हेच सांगतो. कर भरावा, मतदान करावे, देशाची सेवा करावी हे तो कर्तव्य म्हणून सांगतो आणि नीतीविरुद्ध आज्ञा मानू नये हेही कर्तव्य म्हणूनच सांगतो.

तिसरी खूण अशी की, त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली, दुसऱ्याकडून वसूल केली नाही. जो देवाचे नाव घेऊन दुसऱ्याला मारतो आणि जो देवाचे नाव घेऊन स्वतः मार खातो, त्या दोघांना एका मापाने मोजता येत नाही. प्रेषितांनाही फटके बसले होते.

पण त्या बायकोचे काय?

आम्ही ही तिसरी खूण लिहिली आणि लेखणी थांबली. खरोखर सगळी किंमत फ्रान्झ यांनी एकट्यानेच मोजली का? घरी फ्रान्सिस्का होती. पाच, चार आणि तीन वर्षांच्या मुली होत्या. म्हातारी आई होती. शेत होते. ‘हप्ता कोण भरणार?’ हाच प्रश्न त्या घरातही होता, फार मोठ्या आकाराचा.

फ्रान्झ यांनी हा प्रश्न टाळला नाही. बायकोमुले आहेत म्हणून माणसाला देवाचा अपराध करण्याची मुभा मिळते असे मला वाटत नाही, या आशयाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. वाचताना ते कठोर वाटते. पण तुरुंगातून घरी लिहिलेल्या पत्रांत तोच माणूस मुलींची आणि शेतातल्या कामाची चौकशी करतो. कुटुंबावर प्रेम नव्हते म्हणून त्यांनी हे केले नाही.

आणि फ्रान्सिस्का? सुरुवातीला तिनेही त्यांचे मन वळवण्याचा प्रयत्न केला. पण सगळे जण आपल्या नवऱ्याला समजावत आहेत आणि तो एकटा पडला आहे, हे तिने पाहिले. मग ती त्याच्या बाजूने उभी राहिली. मी पाठीशी राहिले नसते तर त्याचे कोणीच नव्हते, असे तिने पुढे सांगितले. जुलै १९४३ मध्ये गावच्या धर्मगुरूंबरोबर ती बर्लिनला जाऊन त्याला भेटली. ती शेवटची भेट.

युद्ध संपले, हिटलर गेला. आता तरी लोक तिला जवळ करतील असे वाटावे. तसे झाले नाही. इतरांचे नवरे, मुलगे लढायला गेले आणि याने मात्र नकार दिला, म्हणून गावात अनेकांची नाराजी होती. नवऱ्याला बायकोनेच बिघडवले, असेही बोलले गेले. युद्धात नवरा गमावलेल्या स्त्रियांना मिळणारी पेन्शन तिला १९५० पर्यंत नाकारली गेली. १९४६ साली फ्रान्झ यांच्याविषयी लेख छापायचे ठरले, तर धर्मप्रांताच्या पत्रात तो येऊ दिला गेला नाही.

बंधुभगिनींनो, आम्हाला या लेखात जे सांगायचे आहे ते इथेच आहे. फ्रान्झ यांचा जीव हिटलरच्या सत्तेने घेतला, हे खरे. पण फ्रान्सिस्कावर पडलेल्या ओझ्यातला बराच भाग सत्तेने टाकलेला नव्हता. तो शेजाऱ्यांनी टाकला होता. रविवारी मिस्साला बरोबर बसणाऱ्यांनी टाकला होता. देवाची आज्ञा पाळणाऱ्याच्या कुटुंबाला किती सोसावे लागेल, हे नेहमीच जुलमी अधिकारी एकटा ठरवत नाही. ते आपणही ठरवतो.

आपण मिरवणूक काढतो तेव्हा

आपल्या वसईने एक संत जगाला दिला आहे. संत गोन्सालो गार्सिया. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर चढवण्यात आले. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने हे झाले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. आपण त्यांचा सण साजरा करतो, मुलांना त्यांचे नाव ठेवतो. ते योग्यच आहे. पण चारशे वर्षांपूर्वीच्या रक्तसाक्ष्याचा अभिमान बाळगायला काही लागत नाही. आपल्या गल्लीत कोणी ‘नाही’ म्हणाले तर आपण काय म्हणतो? ‘शहाणपणा नडला.’ ‘संसार करायचा तर थोडे इकडेतिकडे चालायचेच.’ ‘याला एकट्यालाच देव दिसतो काय?’ सेंट राडेगुंडचे लोकही याहून फार वेगळे काही म्हणाले नसतील.

फ्रान्झ यांची गोष्ट ख्रिस्तसभेपर्यंत कशी पोचली, त्यात आपला एक धागा आहे. गॉर्डन झान या अमेरिकन अभ्यासकाने १९६४ साली त्यांच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. दुसरी व्हॅटिकन परिषद तेव्हा भरलेली होती. युद्धाला नकार देणाऱ्यांविषयी ख्रिस्तसभेने काय म्हणावे, यावर चर्चा चालू होती. तेव्हा फ्रान्झ यांचे उदाहरण लेखी निवेदनातून परिषदेच्या सदस्यांपुढे ठेवले ते आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी. हे येशूसंघीय इंग्रज धर्मगुरू १९३७ पासून मुंबईचे आर्चबिशप होते. भारतीय व्यक्तीला ती जागा मिळावी म्हणून ते बाजूला झाले आणि १९५० साली त्यांनी राजीनामा दिला. आपला वसई धर्मप्रांत १९९८ साली स्वतंत्र झाला, त्याआधी आपण मुंबईच्याच महाधर्मप्रांतात होतो. म्हणजे आपल्यातील जुन्या माणसांचे ते आर्चबिशप. डिसेंबर १९६५ मध्ये परिषदेने जाहीर केलेल्या दस्तऐवजात म्हटले आहे की, विवेकाला स्मरून शस्त्र उचलण्यास नकार देणाऱ्यांना कायद्याने माणुसकीने वागवावे.

आणि २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझच्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्झ येगरश्टेटर यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. ज्या धर्मप्रांताच्या महागुरूंनी ‘घरी जा’ असे सुचवले होते, त्याच धर्मप्रांतात. चौऱ्याण्णव वर्षांच्या फ्रान्सिस्का तिथे उपस्थित होत्या. २०१३ साली, वयाची शंभरी गाठून त्या वारल्या. ख्रिस्तसभेला उशीर झाला, पण तिने आपली चूक झाकली नाही.

गमलिएल व्हा

प्रेषितांच्या कृत्यांच्या त्याच पाचव्या अध्यायात आणखी एक माणूस आहे. आपण त्याच्याविषयी क्वचितच बोलतो. न्यायसभा चिडून प्रेषितांना मारायला उठते, तेव्हा गमलिएल नावाचा एक शास्त्री उभा राहतो. तो प्रेषितांचा शिष्य नाही. तो फक्त म्हणतो की, जपून वागा. हे काम माणसांचे असेल तर आपोआप मोडेल, आणि देवाचे असेल तर तुम्हाला ते मोडता येणार नाही, उलट तुम्ही देवाशी लढणारे ठराल. त्याच्या शब्दाने प्रेषितांचे फटके चुकले नाहीत, पण जीव वाचला.

सर्वांनाच पेत्र होण्याचे पाचारण नसते. ते धैर्य देवाची देणगी आहे आणि ती कोणाकडून जबरदस्तीने मागता येत नाही. पण गमलिएल होण्याची संधी प्रत्येकाला येते. ऑफिसात सगळे एका प्रामाणिक सहकाऱ्यावर तुटून पडतात तेव्हा एक जण तरी म्हणू शकतो, ‘थांबा, त्याचे म्हणणे ऐकून तर घ्या.’ हॉस्पिटलमधील एखादी नर्स गर्भपाताच्या कामाला हात लावणार नाही म्हणाली, तर निदान तिच्या घरचे तिला मूर्खात काढणार नाहीत. बर्लिनच्या तुरुंगातही असा एक माणूस होता. तिथल्या धर्मगुरूंनी फ्रान्झ यांना सांगितले की, फ्रान्झ रायनिश नावाच्या एका धर्मगुरूंनी हिटलरच्या नावाने शपथ घेण्यास असाच नकार दिला होता आणि १९४२ साली त्यांना मृत्युदंड झाला. ते ऐकून फ्रान्झ यांना फार मोठा दिलासा मिळाला. या धर्मगुरूंनी त्यांची शिक्षा टाळली नाही, ते त्यांच्या हातात नव्हते. ‘तू एकटा नाहीस’ एवढेच त्यांनी सांगितले. आम्ही त्या संध्याकाळी तेवढेही सांगितले नव्हते.

त्या जोडप्याचे पुढे काय झाले? त्याने सही केली नाही. आमच्या सल्ल्याने नव्हे, आमचा सल्ला असूनही. नोकरी गेली नाही, पण त्याला लांबच्या शाखेत टाकले आणि वरकड मिळकत बंद झाली. आता तो पहाटे निघतो आणि रात्री उशिरा परततो. आम्ही त्यांच्या घरी जाऊन आमच्या त्या दिवसाच्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली. त्याची बायको म्हणाली, ‘‘फादर, पैशाचे आम्ही कसेतरी बघतो. पण हे कळल्यापासून आमच्याकडे कोणी येत नाही. आम्हीच काही गुन्हा केल्यासारखे वाटते.’’

म्हणून आपल्या धर्मग्रामाकडे आमची एक विनंती आहे. या महिन्यात लघु ख्रिस्ती समूहांच्या ज्या सभा होतील, त्यांत एक प्रश्न घ्या. आपल्या वस्तीत कोणी खरेपणामुळे अडचणीत आहे का? कोणी लाच दिली नाही म्हणून काम अडले आहे का, कोणी खोटी साक्ष दिली नाही म्हणून नात्यातून तुटला आहे का? नाव चारचौघांत घेऊ नका. त्यांच्या घरी जा. एका हप्त्याची मदत करता आली तर करा. ती करता आली नाही तरी चहाला बसा. फ्रान्सिस्काला तिच्या गावात जे मिळाले नाही, ते आपल्या गावात मिळू द्या.

आणि ज्यांच्यापुढे आज असा एखादा कागद ठेवलेला आहे, त्यांना आम्ही सांगतो की, कार्यालयाचे दार उघडे आहे. या वेळी आम्ही ‘जमवून घ्या’ म्हणणार नाही. आधी तुमच्यासोबत बसू, ऐकून घेऊ, मग देवाची इच्छा काय ते मिळून शोधू. ती कळल्यावर जे काही सोसावे लागेल, त्यातला वाटा आम्हीही उचलू.

पवित्र आत्मा आपल्याला पेत्राचे धैर्य आणि गमलिएलाचे शहाणपण देवो.

ख्रिस्तामध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू